वारुळातला आखूडबंडी

पाऊस उघडून दोन दिवस होतात, सोयाबीन गुडघ्याला लागलेलं असतं आणि संध्याकाळी ओसरीवरच्या बल्बला किड्यांचा गराडा पडतो. धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात हेच चित्र. त्या गराड्यात एक बारीक किडा असतो. लांबीला तांदळाच्या दाण्याएवढा, रुंदीला त्याच्याही निम्मा. डोकं काळं, मान नारिंगी, पाठीवर निळसर चकाकणारी एवढीशी पट्टी, मग पुन्हा नारिंगी आणि शेपटाचं टोक काळं. मुंगीसारखा तुरुतुरु पळतो आणि बोट जवळ नेलं की विंचवागत शेपूट वर करतो.

हा मानेवर उतरला की हात आपसूक चापट मारतो. तेव्हा काहीच होत नाही. दुसऱ्या दिवशी, नाहीतर तिसऱ्या, तिथं लाल पट्टा उठतो, आग होते, पट्ट्यावर फोड येतात. लांबट पट्टा बघून घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, ‘‘नागीण हाय ही. तोंडं जुळू देऊ नका तिची.’’ खरं तर तो किडा चावलेला नसतो आणि त्याला नांगीही नसते. आपणच त्याला चिरडून त्याचं रक्त कातडीवर सारवलेलं असतं. त्या रक्तात पेडेरिन नावाचं विष असतं. इटलीतल्या संशोधकांनी ते १९५३ मध्ये वेगळं काढलं. त्याची रचना उलगडायला जे किडे गोळा करावे लागले, त्यांचा आकडा अडीच कोटी सांगतात. एवढी खटपट झाल्यावर, २००२ मध्ये, कळलं की विष किड्याचं स्वतःचं नाहीच. त्याच्या अंगात मुक्कामाला असलेले जिवाणू ते तयार करतात. तेव्हा तो अंगावर बसला तर फुंकर मारावी, आणि चिरडलाच तर जागा लगेच साबणानं धुवावी. शेतात मात्र हाच किडा मावा-तुडतुडे खाऊन फिरतो, म्हणून त्याची गणना मित्रकीटकांत होते.

या किड्याचं नाव पेडेरस. पण हे प्रकरण त्याच्यावर नाही, त्याच्या भाऊबंदांवर आहे. आणि भाऊबंद म्हणजे केवढे! भुंगेऱ्यांच्या या एका कुळात आजवर नावं मिळालेल्या जातींची संख्या ६६ हजारांच्या आसपास आहे. जगातले सगळे पक्षी धरले तरी ते ११ हजारांच्या घरात, आणि सस्तन प्राणी साडेसहा हजार. शेतीच्या पुस्तकांत या कुळाला ‘रोव्ह बीटल’ म्हणतात. ते नाव आपल्या जिभेवर बसत नाही, म्हणून मी त्यांना माझ्यापुरतं ‘आखूडबंडी’ म्हणतो. इतर भुंगेऱ्यांचे वरचे टणक पंख सबंध पाठ झाकतात. यांचे पंख आखूड बंडीसारखे कमरेच्या वरच संपतात आणि खाली पोट उघडं राहतं.

कुणाला वाटेल की एवढ्याशा बंडीखाली उडायचे पंख कुठून मावणार? ते मावतात, आणि पसरले की जवळपास अंगाएवढे लांब होतात. जपानी संशोधकांनी २०१४ मध्ये वेगवान कॅमेऱ्यानं पंखांच्या घडीचं चित्रण केलं, तेव्हा एक गंमत दिसली. डाव्या आणि उजव्या पंखाची घडी सारखी पडत नाही; किडा पोटाच्या टोकानं ढोसून ढोसून पंख आत सारतो, आणि दोन बाजूंच्या मुडपी वेगळ्या असतात. घाईत बोचकं बांधावं तशी. पण उडायची वेळ आली की ते बोचकं क्षणात सुटतं.

पोट उघडं टाकण्यात फायदा असा की ते कसंही वळतं. टणक पाठीच्या भुंगेऱ्याला जिथं शिरता येत नाही तिथं हा शिरतो: शेणाच्या पोखाली, उकिरड्यात, कुजक्या पाचोळ्यात, अळंबीच्या पडद्यांत, मेलेल्या जनावराखाली, ओढ्याच्या ओल्या गाळात. आणि दुसऱ्यांच्या घरात.

त्यातलं एक घर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. पंचमीला लाह्या-दूध घेऊन बाया ज्याच्यापुढं हात जोडतात, ते वारूळ. लोक त्याला मुंग्यांचं म्हणतात. ते बांधणारी असते वाळवी. नाग नंतर येतो, आयत्या बिळात. पण नागाच्या कितीतरी आधी तिथं दुसरे भाडेकरू मुक्कामाला असतात, आणि त्यांची पूजा कुणी करत नाही.

आपल्याकडच्या या भाडेकरूंपैकी काहींची जगाला ओळख झाली ती धाराशिवच्या शेजारच्या जिल्ह्यातून, नगरमधून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नगर जिल्ह्यात हाइम नावाचे एक जेझुइट धर्मगुरू काम करत होते. फावल्या वेळात वारुळं फोडून त्यातले किडे अल्कोहोलात घालायचे आणि युरोपला पाठवायचे, हा त्यांचा उद्योग. एका पाद्रीबाबाला वारूळ फोडताना बघून गावातल्या म्हाताऱ्यांना काय वाटलं असेल, याची मला फार उत्सुकता आहे. किडे पोचायचे एरिक वासमान यांच्याकडं. तेही जेझुइटच, आणि मुंग्या-वाळवीच्या घरातले पाहुणे हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. १८९९ मध्ये वासमान यांनी नगरहून आलेल्या एका चिमुकल्या भुंगेऱ्याचं वर्णन छापलं. त्याच्यासाठी नवी प्रजातीच, म्हणजे जातींचा नवा गटच, उभी करावी लागली, आणि पाठवणाऱ्याची आठवण म्हणून जातीला नाव दिलं टर्मिटोडिस्कस हाइमी. वाळवीच्या घरातली हाइमची चकती, असा त्याचा साधा अर्थ.

चकती हा शब्द नेमका आहे. एरवीचा आखूडबंडी लांबट असतो. हा फुगीर थेंबासारखा. पुढं रुंद, मागं निमुळता, पाठ गुळगुळीत. डोकं मानेच्या कवचाखाली दडवलेलं, पाय पोटाखाली. वाळवीनं जबड्यात धरायचं म्हटलं तर कुठं धरणार? वरून दात घसरतात, खालून फट सापडत नाही. वासमान यांनी अशा बांध्याला जर्मनमध्ये ‘ट्रुट्झ’ म्हणजे न जुमानणारा असं नाव दिलं. घरमालकाशी गोड बोलायचं नाही, त्याच्यासारखं दिसायचं नाही. नुसतं हाती लागायचं नाही. भाडेकरूंचा हा प्रकार शहरातल्या वाचकांना नवा नसावा.

त्याच काळात वासमान यांनी एका वाळवीचंही नामकरण केलं. वालोनेन्सिस. हाइम जिथं किडे गोळा करायचे त्या गावाचं स्पेलिंग जर्मन कागदांत ‘वालोन’ असं पडलं होतं. माझ्या कानाला ते सरळ आपलं ‘वळण’ वाटतं. दख्खनच्या पठारावर कमरेएवढी वारुळं उभारणाऱ्या ज्या वाळव्या आहेत, त्यांत ही एक आघाडीची. म्हणजे कर्नाटकातला कीटकशास्त्राचा विद्यार्थीसुद्धा परीक्षेत जे नाव लिहितो, त्यात नगरचं एक खेडं बसलेलं आहे.

वासमान यांच्या कागदांतला दुसरा आखूडबंडी मला अधिक आवडतो. आफ्रिकेत डोरिलस नावाच्या, झुंडीनं धाड घालणाऱ्या मुंग्या आहेत. त्यांच्या टोळीत डोरिलोक्सेनस नावाचे भुंगेरे राहतात. त्यांच्या पावलांची बोटं आखडून तिथं चिकट गाद्या तयार झाल्या आहेत, चालत्या मुंगीवर स्वार होण्यासाठी. हेच भुंगेरे भारतात सापडले, पण मुंग्यांच्या टोळीत नव्हे, वाळवीच्या वारुळात. तिथं कुणावर स्वार व्हायचं कारण नाही. तरी पाय स्वाराचेच. वासमान यांनी निष्कर्ष काढला की डोरिलस मुंग्या वारुळांवर धाडी घालतात, त्या धामधुमीत हे पाहुणे जुना मालक सोडून नव्याकडं राहिले. त्यांनी १९०४ मध्ये जातीला नाव दिलं ट्रान्सफुगा. लॅटिनमध्ये ट्रान्सफुगा म्हणजे शत्रूच्या गोटात गेलेला, फितूर. महाराष्ट्राच्या राजकारणावर लिहिणाऱ्यांनी या किड्याची दखल अजून कशी घेतली नाही कोण जाणे.

हा फितूर वासमान यांना फार मोलाचा होता. स्वतः धर्मगुरू असूनही, प्राण्यांच्या जाती बदलत जातात हे त्यांनी मान्य केलं होतं, आणि पाय जुन्या घरचे, मुक्काम नव्या घरी, याच्याहून चांगला दाखला कुठला? माणसाला मात्र त्यांनी या नियमातून वगळलं, आणि १९०७ मध्ये बर्लिनला त्यावरून जाहीर खडाजंगी झाली. तिचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. सेंट झेवियर्स कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारे फादर आस्मुथ हे खंडाळ्याच्या वारुळांचे अभ्यासक. एका वाळवीला त्यांचंही नाव आहे. त्यांनी १९१५ मध्ये सहलेखकाबरोबर मुंबईतूनच एक पुस्तक काढलं, वासमान यांचे कट्टर विरोधक एर्न्स्ट हेकेल यांनी आपल्या चित्रांत लबाडी केली असं सांगणारं. वाळवीच्या पाहुण्यांपासून सुरू झालेली गोष्ट कुठल्या कुठं जाते!

वाळवी आणि आखूडबंडी यांचा संबंध किती जुना? म्यानमारमधल्या अंबरात, म्हणजे झाडाच्या राळेच्या दगडात, थेंबासारख्या बांध्याचा एक आखूडबंडी सापडला आणि २०१७ मध्ये त्याचं वर्णन छापून आलं. वय अंदाजे ९ कोटी ९० लाख वर्षं. आपल्या पायाखालचा काळा कातळ, ज्यात धाराशिवची लेणी खोदली आणि ज्याच्या चिऱ्यांनी नळदुर्गचा किल्ला उभा राहिला, तो लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. दख्खनच जन्माला आलं नव्हतं, तेव्हा भाडेकरू घरात शिरला होता. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उष्ण उत्तर भागातून तर अशा एका जातीचं वर्णन आलं, की तिचं पोट फुगून पाठीवर उलटं वळलंय आणि त्याला वाळवीचा आकार आलाय. डोकं, अंग, पायांसारखे लोंबणारे फाटे, सगळं. भुंगेरा पाठीवर वाळवीची बाहुली घेऊन हिंडतो. कामकरी वाळवी आंधळी. ती अंधारात चाचपून ओळखते, आणि हाताला वाळवीच लागते.

आता ‘नवी जात’ म्हणजे काय ते बघू, कारण वर्तमानपत्रात बातमी येते तेव्हा वाटतं की काल जंगलात गेले आणि आज सापडली. चार्ल्स डार्विननं १८३२ मध्ये अर्जेंटिनातल्या बाहिया ब्लांका इथं एक चमकदार आखूडबंडी पकडला. तो लंडनच्या संग्रहालयात गेला, मधे कुठल्या तरी पेट्यांत बिननावाचा पडून राहिला, आणि २०१४ मध्ये, डार्विनच्या वाढदिवशी, त्याला डार्विनिलस सेडारिसी हे नाव मिळालं. १८२ वर्षं! हे टोकाचं उदाहरण असलं तरी सरासरीही काही कमी नाही: किडा पकडल्यापासून नाव छापून येईपर्यंत साधारण २१ वर्षं जातात असा हिशेब २०१२ मध्ये काही संशोधकांनी मांडला. जात नवी नसते. कागद नवा असतो.

तो कागद कसा तयार होतो, ते मला माझ्या एका फसलेल्या उद्योगावरून सांगायला सोपं जाईल.

कळंब तालुक्यात आमच्या चुलत्यांचं रान आहे. गेल्या पावसाळ्याआधी बांध सरळ करायला जेसीबी आणला आणि बांधावरचं एक जुनं वारूळ फुटलं. चुलतीनं कपाळावर हात मारून घेतला. मी मात्र पांढऱ्या इनॅमलचं ताट घेऊन पळालो. (रामलिंगच्या अभयारण्यात असं काही करायचं तर वनखात्याची लेखी परवानगी लागते, बांधावर फक्त चुलतीची लागते, आणि ती जास्त अवघड असते.) फुटलेल्या वारुळाच्या पोटात मुठीएवढे करडे, सुरकुतलेले गोळे होते, स्पंजासारखे. ही वाळवीची बुरशीची शेती. चघळलेल्या काडीकचऱ्याचा गोळा, त्यावर मोहरीपेक्षा बारीक पांढरे मणी. एक गोळा ताटावर धरून हलकेच झटकला. पांढऱ्या कामकरी वाळव्या पडल्या, तांबड्या डोक्याचे सैनिक पडले, आणि त्यांच्यातून बदामी रंगाचा एक थेंब ताटावरून घरंगळला. तीळही त्याच्यापुढं मोठा. थेंब मधेच थांबला, पायाचं टोकही न दिसता वळला आणि उलट दिशेनं घरंगळला. उतार नसताना घरंगळतो, म्हणजे जिवंत आहे, हे कळायला मला दोन क्षण लागले. ओला कुंचला टेकवून उचलला आणि अल्कोहोलाच्या कुपीत सोडला.

‘‘काय घावलं?’’ चुलती मागं उभी.

‘‘भुंगेरा, काकू.’’

‘‘एवढ्यासाठी ताट बाटवलंस व्हय माझं?’’

उरलेले अकरा गोळे झटकले. दुसरा थेंब काही पडला नाही.

खरं काम यापुढं सुरू होतं. कुपीत पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी टाकायची: गाव, तालुका, जिल्हा, तारीख, कशात सापडला, कुणी पकडला. शाई अल्कोहोलात विरते, पेन्सिल टिकते. चिठ्ठी नसलेला किडा कितीही दुर्मीळ असला तरी कचरा. मग सूक्ष्मदर्शकाखाली मापं घ्यायची: डोकं, मान, बंडीची लांबी, मिशीच्या प्रत्येक मण्याची लांबी-रुंदी. पाठीवर ठिपके आहेत का, केस कुठल्या दिशेला झुकलेत. एवढं करूनही दोन सख्ख्या जाती वरून हुबेहूब निघू शकतात. फरक दडलेला असतो नराच्या जननांगात. पोटाचं टोक मऊ करून, केसासारख्या बारीक सुईनं ते बाहेर काढायचं आणि त्याचं चित्र काढायचं. त्याचा बाक, टोकाचा आकडा, आतली पिशवी, याच्यावरून जात ठरते. आखूडबंडीवरच्या शोधनिबंधांत निम्मी चित्रं या एका अवयवाची असतात.

मग तुलना. जवळची प्रत्येक नाव दिलेली जात काढून बघायची. ब्रिटिश नौदलातले डॉक्टर माल्कम कॅमेरॉन यांनी भारतातल्या या कुळावर १९३० ते १९३९ या काळात जाडजूड खंड लिहिले. त्याआधी ते डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत कीटकांची ओळख पटवण्याचं काम करत. आजही सुरुवात त्या खंडांपासून होते. पण वर्णन शब्दांत असतं आणि शब्द दगा देतात, म्हणून मूळ नमुना बघावा लागतो. कॅमेरॉनचे नमुने लंडनला, वासमानचा संग्रह नेदरलँड्समधल्या मास्त्रिख्तला. नगरच्या बांधावरचा किडा ओळखायला माणूस मास्त्रिख्तला पत्र लिहितो! हल्ली फोटो मागवता येतात, हे त्यातल्या त्यात बरं.

सगळ्यांपेक्षा वेगळा ठरला, तर एक नमुना जातीचा साक्षीदार म्हणून निवडतात. त्याच्या टाचणीवर लाल चिठ्ठी लागते. पुढं कितीही वाद झाले तरी त्या नावाचा अर्थ तो एक किडा. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं असा नमुना देशातल्या ठरवून दिलेल्या संस्थेत ठेवणं बंधनकारक केलं आहे. प्राण्यांसाठी अशी एक संस्था म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षण. तिचं मुख्यालय कोलकात्याला, आणि आपल्याला जवळचं केंद्र पुण्यात, आकुर्डीला. म्हणजे नवा हाइम आज निघाला तर त्याची कुपी बोटीनं जाणार नाही, एसटीनं जाईल.

नाव ठेवणं हा शेवटचा आणि सगळ्यात सोपा भाग, आणि बातमी त्याचीच होते. गावावरून ठेवायचं तर शेवटी ‘एन्सिस’ लावतात. पण नाव एकदा छापलं की त्याला सरकारही हात लावू शकत नाही. मुंबईला बॉम्बे म्हणणं कधीच थांबलं, पण १९६० मध्ये नाव मिळालेला देवगांडूळ इक्थिओफिस बॉम्बेएन्सिसच राहिला. उस्मानाबादचं धाराशिव २०२३ मध्ये झालं. तोवर कुणी एखाद्या किड्याला ‘उस्मानाबादेन्सिस’ म्हणून गेलं असतं, तर ते नाव तसंच चाललं असतं, आणि बाजारातली उस्मानाबादी शेळी तिच्या सोबतीला होतीच.

माझ्या कुपीतल्या थेंबाकडं परत येऊ. एका जाणकाराकडं तो दाखवला. टर्मिटोडिस्कसच्या गोतातला आहे, इतकं त्यांनी लगेच सांगितलं. मग त्यांनी पोटाचं टोक तपासलं आणि कुपी माझ्याकडं परत दिली. मादी होती. एकट्या मादीवरून जात ठरवायला नियमाची आडकाठी नाही, पण शहाणा माणूस ते करत नाही. उद्या शेजारच्या वारुळात नर सापडला तर तो हिचा की दुसऱ्या कुणाचा, हा घोळ पुढच्या शंभर वर्षांच्या लोकांनी निस्तरायचा. तेव्हा कुपीवर प्रजातीचं नाव लिहिलं, आणि जातीच्या जागी दोन अक्षरं, ज्यांचा अर्थ ‘कुठली तरी एक’.

पंचमीला गावी गेलो तेव्हा चुलतीनं विचारलं, ‘‘ताट बाटवून नेलेल्या त्या किड्याचं काय झालं रं? नाव पडलं का?’’

‘‘नाही काकू. ती मादी निघाली. नर सापडल्याशिवाय नाव देत नाहीत.’’

ती लाह्या निवडत होती. सुपातून मान वर न करता म्हणाली, ‘‘मंजी तिथं बी बाईला एकटीचं नाव न्हाई म्हण की.’’

मग उठली, दुधाची वाटी घेतली आणि बांधाकडं निघाली. जेसीबीनं फोडलेल्या जागी, एका पावसात, वीतभर उंचीची ओली लाल माती वर आली होती.